जलपरीची कंबर

...आणि शेपूट उभी! उभी हो, भिंतीसारखी! तुम्हीच सांगा, वर बाई बसलेली समोर तोंड करून, चेहरा प्रसन्न, उजवा हात आशीर्वादाला उचललेला, आणि खाली तिला जोडायचा जो मासा आलाय तो जिथे कापलाय तिथे अरुंद आणि उंच, म्हणजे बाईची कंबर आडवी रुंद, माशाची उभी उंच, चार हमालांनी एकाला एक लावून पाहिलं तर जलपरीच्या ऐवजी बेरजेचं चिन्ह तयार झालं... मी तिथेच, गेटजवळच्या वाळूच्या ढिगावर बसलो. तुम्हाला सांगतो, बाई उत्तम, मासा उत्तम, सगळी भानगड कंबरेत!

आता तुम्ही विचाराल, गाझियाबादला जलपरी कशाला? अहो, मीही हेच विचारलं होतं! आमच्या सोसायटीचं नाव सागर विहार. समुद्र हजारेक किलोमीटर लांब. सत्त्याण्णव साल, दिल्लीच्या कडेकडेनं गव्हाची शेतं बुजवून इमारती उठत होत्या, देश मोकळा झाला म्हणे, त्याबरोबर नावंही मोकळी झाली. शेजारच्या सोसायटीत औषधाला झाड नाही, तिचं नाव हरित घाटी, पलीकडे लिफ्ट बंद, तिचं नाव गगन शिखर... मग आमचाच सागर काय म्हणून नसावा? आणि सागर म्हटला की कारंजं आलं, आणि कारंजं आलं तेव्हा आमचे अध्यक्ष चड्ढासाहेब, निवृत्त अवर सचिव, भर सभेत उठून म्हणाले, "ओ जी, फव्वारे के बीच में एक जलपरी हो जाए ना, तो गेट की शान बन जाती है!" टाळ्या! आम्ही सगळे केंद्र सरकारचे निवृत्त लोक, वरच्या पदाचा माणूस काही बोलला की हात आपोआप टाळीला जातात, पेन्शन सुरू झाली तरी हात थांबत नाहीत.

मी मानद सचिव. म्हणजे जन्मभर मंत्रालयात कारकून, आणि निवृत्तीनंतर एकदम सचिव, तेही मानद. विषय आला माझ्याकडे, आणि मी काय केलं? जे कोणताही शिकलेला कारकून करेल तेच केलं. एका विषयाशी दोन विभागांचा संबंध येत असेल तर विषय विभागून द्यावा! टिपणी लिहिली. वरचा भाग स्त्री, सबब महिला व सांस्कृतिक उपसमिती, प्रमुख मिसेस चड्ढा. खालचा भाग जलचर, सबब पाणीपुरवठा व उद्यान उपसमिती, प्रमुख भालचंद्र मोहरील, आपलाच, नागपूरचा. दोघांनी आपापल्या भागापुरती कार्यवाही करावी. सही, तारीख. कबूल करतो मंडळी, टिपणी देखणी होती. फक्त कंबर कुणाच्या अखत्यारीत, ते लिहायचं राहिलं.

मिसेस चड्ढा गेल्या पानिपतच्या हायवेला, तिथे एक जण रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या मूर्ती करतो. मी दबक्या आवाजात म्हटलंही, की पानिपतहून मराठी माणसानं आजवर काही धड परत आणलेलं नाही, पण त्या पंजाबी, त्यांना काय त्याचं! त्याच्याकडे देवीचा साचा होता, त्यानं त्यातूनच कंबरेपर्यंत काढून दिली. म्हणून तो आशीर्वादाचा हात. आल्या दिवसापासून आमच्या इमारतीतल्या बायका येता-जाता तिच्यासमोर झेंडूचं फूल ठेवायला लागल्या. आणि मोहरीलनं मासा करून घेतला रामअवतार मिस्त्रीकडून. हा रामअवतार बागांमधल्या घसरगुंड्या करतो, हत्तीची, मगरीची, माशाची. त्यानं रोहू केला, खवल्याखवल्याचा, आणि डोकं उडवून पाठवून दिला. मोहरीलला म्हटलं, "अरे, बसत नाही हे!" तर म्हणतो, "काहून नाही बसणार? तिलेच फिरवा ना थोडं!" तिला फिरवा! म्हणजे बाईचं तोंड भिंतीकडे, आणि आशीर्वाद कचराकुंडीला!

तर असा मी वाळूनं भरलेली पँट घेऊन चौथ्या मजल्यावर आलो, जिन्यानं, कारण लाइट गेलेली. दार उघडलं कुसुमावतीनं. आमची ही. आता हिच्याबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कुसुमावती दिल्लीतल्या शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. पोरी तिला घाबरायच्या, हेडमास्तरीण घाबरायची, आणि घरी कोण घाबरायचं ते जाऊ द्या. मार्चमध्ये ती निवृत्त झाली, एप्रिलमध्ये आम्ही सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो, आणि तेव्हापासून बाई गप्प. आजारी? नाही. रागावलेली? नाही. डॉक्टर म्हणाला, "बीपी तो मुझसे अच्छा है इनका." नुसती गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसायची आणि समोरच्या अर्धवट इमारतींकडे पाहायची. दिवसाला तीन शब्द. "झालंय." "ठेवलंय." "असू दे." बेंगळुरूहून चिन्मयचा, आमच्या मुलाचा, रविवारी फोन यायचा, "आई, कशी आहेस?" "बरी." "काय चाललंय?" "बाबांना देते." मी काय काय नाही केलं! मोठ्यानं पेपर वाचला, मोहरीलच्या नकला केल्या, एकदा तर मुद्दाम भाजीत दोनदा मीठ घातलं, म्हटलं निदान ओरडेल. मुकाट्यानं खाल्ली हो! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला भीती वाटली.

आणि त्या संध्याकाळी मी अंधारात पँट झटकत स्वतःशीच बडबडत होतो, कंबर, शेपूट, उभी, आडवी, चड्ढा, मसणात गेली ती जलपरी... तर गॅलरीतून आवाज आला.

"बेंबी आहे का तिला?"

मला वाटलं टीव्ही. पण टीव्ही कसा असेल, लाइट नव्हती!

"कुणाला?"

"तुमच्या त्या बाईला."

"आहे," म्हटलं, "पानिपतवाल्यानं छान कोरलीय."

"मग काय विचारायचं राहिलं? बेंबी आहे म्हणजे नाळ होती. नाळ होती म्हणजे आईच्या पोटात वाढली. अंड्यातून आलेली नाही ती. मासा नव्हेच, सस्तन आहे. आणि माशाला कंबर नसते, शब्द नीट वापरा."

मंडळी, सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा माझी कुणी चूक काढली. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

दुसऱ्या दिवशी मी तयारीनं गेलो. संध्याकाळी शेंगा भाजून घेतल्या, तिच्या शेजारी बसायला वेताचा मोडा ओढला, आणि अगदी सहज, जशी काही हवापाण्याची चौकशी, म्हटलं, "का गं, ती श्वास कशानं घेते?" तिनं एक शेंग फोडली. दुसरी फोडली. मग म्हणाली, "नाक आहे ना? मग कल्ले कशाला? फुप्फुसं. वर यावं लागेल तिला. दहा मिनिटं खाली, की वर. कितीही खोल गेली तरी हवा वरचीच."

मग काय, सुरूच झालं! डिसेंबर लागला होता, आणि इथलं धुकं तुम्हाला माहीतच आहे, संध्याकाळी जमिनीवरून उठायचं ते चढत चढत तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचं, खालच्या स्कूटर, कुत्री, भाजीवाले सगळे बुडून जायचे, नुसते आवाज वर यायचे, बुडबुड्यांसारखे. समोरच्या इमारतींच्या क्रेन अशा दिसायच्या, की कोणती तरी जहाजं नांगर टाकून उभी आहेत. सागर विहारला खरा सागर त्या महिन्यात आला. आणि त्याच्या काठावर आम्ही दोघं, शाली गुंडाळून, मध्ये शेंगांची टरफलं, आणि त्या धुक्याखाली कुठे तरी, मी तर म्हणतो होतीच, ती पोहत होती.

"जाडी असणार," ही म्हणाली एकदा. "कोण?" "जलपरी. चित्रात सगळे सडपातळ काढतात. गार पाण्यात जगायचं म्हणजे कातडीखाली तीन बोटं चरबी हवी. कंबरेला वळण कसलं! सगळं सरळ, गुळगुळीत, भरलेलं." मी म्हटलं, "म्हणजे साधारण..." "बोला, बोला." "नाही, काही नाही. शेंग घे."

"आणि केस? लांबसडक?" "पोहणाऱ्याला केस अडतात. गढमुक्तेश्वरला गंगेत सूंस पाहिला होता आम्ही, त्र्याऐंशी साली, नववीच्या मुलींची सहल घेऊन गेले होते. गंगेतला डॉल्फिन. जवळजवळ आंधळा असतो, गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग काय! आवाज काढतो, तो परत येतो, त्यावरून रस्ता कळतो त्याला. आणि एका कुशीवर पोहतो, असा, आडवा... पाठ चमकली क्षणभर आणि गेला. मुली एवढ्या ओरडल्या! त्यांतली एक रडायला लागली, मॅडम, तो परत येईल ना?" आणि मग ही बराच वेळ गप्प. पण ते गप्प राहणं वेगळं हो! आधीचं रिकामं होतं, यात सूंस होता.

मी विचारत राहिलो. पिल्लाला पाण्यात पाजते कशी? तिनं सांगितलं, सविस्तर, वर्गात सांगतात तसं, मी घाबरून शेजारच्या गॅलरीकडे पाहिलं. तहान लागते का? समुद्राचं पाणी प्यायची सोय नाही, अन्नातनंच पाणी. झोपते कशी, वर यायचं असतं ना दर दहा मिनिटांनी? तर म्हणाली, "डॉल्फिनसारखी. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा. एक डोळा मिटलेला, एक उघडा." मी म्हटलं, "आमचा अख्खा सेक्शन दुपारी असाच!" हसली नाही. धुक्याकडे पाहत म्हणाली, "मीही तशीच झोपते, इथे आल्यापासून. एक डोळा उघडा. पहिल्या तासाची घंटा चुकेल म्हणून."

मी टरफलं गोळा केली.

आणि मग तुमच्या या शांतारामच्या लक्षात आलं, की जलपरी उभी राहिली की विषय संपणार. विषय संपला की प्रश्न संपणार. प्रश्न संपले की पुन्हा "झालंय", "ठेवलंय", "असू दे". तिकडे चड्ढासाहेब मागे लागलेले, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि कारंज्याचं उद्घाटन एकदम करायचं! तेव्हा मी काय केलं? आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती पहिल्यांदाच मनापासून केली. फाइल दाबली!

अशी दाबली की बोलायची सोय नाही. श्वसनसंस्थेबाबत खुलासा व्हावा. चरबीच्या थराबाबत तज्ज्ञांचे मत मागविण्यात यावे. खवले असावेत किंवा कसे, याबाबत दोन्ही उपसमित्यांनी एकत्रित अभिप्राय द्यावा. मोहरील आला धावत, "भाऊ, सिमेंटची बाई श्वास काहून घेईल?" मी म्हटलं, "लेखी दे." चड्ढासाहेब तर जिने चढून वर आले, धापा टाकत, "ओ शांतारामजी, जलपरी लगानी है या सरकारी नौकरी देनी है उसको? मेडिकल करवाओगे अब?" मी म्हटलं, "सर, मामला कमर का है।" आणि खरंच होता हो, सगळी भानगड कंबरेतच! आणि रोज संध्याकाळी उत्तरं ऐकून, रात्री जेवणानंतर ती सगळी मी फाइलमध्ये उतरवत होतो, नीट अक्षरात, परिच्छेदांना क्रमांक घालून, "तज्ज्ञांचे मत असे की..."

एकदा मी तिला विचारलं, "पाय नाहीत, तर ते गेले कुठे?" तेव्हा जे म्हणाली ते मी फाइलमध्ये नाही लिहिलं. म्हणाली, "देवमासे एके काळी जमिनीवर चालायचे. पाण्यात गेले, पाय गेले. पण अजून त्यांच्या पोटात कंबरेची दोन हाडं असतात, एवढीशी. कण्याला जोडलेली नसतात. मांसात तरंगतात नुसती." थोड्या वेळानं म्हणाली, "जमीन सोडून किती काळ लोटला, तरी आत ठेवलीयत त्यांनी." खाली धुक्यात कोणी तरी स्कूटरला किक मारत होतं, मारत होतं, सुरू होत नव्हती... मी पुढचा प्रश्न विसरलो. रोज दुपारी दोन प्रश्न पाठ करून ठेवत होतो, तरी विसरलो.

आणि वीस जानेवारीला मी दूध आणून घरात शिरतो तर काय! जेवणाच्या टेबलावर फाइल उघडी, आणि कुसुमावती चष्मा लावून त्रेचाळिसाव्या पानावर! हातात लाल पेन! अहो, सरकारी फाइलवर लाल शाई! माझ्या हातून दुधाची पिशवी सुटायची राहिली. पानापानावर खुणा. "तज्ज्ञांचे मत"च्या शेजारी: तज्ज्ञ असे म्हणालेच नव्हते. "चार कप्प्यांचे काळीज"च्या शेजारी: हृदय लिहा. फुप्फुसाची मी आकृती काढली होती, तिच्यावर फुली, शेजारी स्वतः नवी काढलेली, सुबक, बाण दाखवून. आणि शेवटी, माझ्या सहीच्या खाली, गोल करून: दहापैकी सहा. उगाच लांबवू नये.

मी खुर्चीवर बसलो. म्हणाली, "मुद्दाम विचारत होतात?"

खोटं बोलून उपयोग नव्हता, लाल पेन अजून हातात होतं. म्हटलं, "पहिले चारपाच मुद्दाम. मग मला खरंच जाणून घ्यायचं होतं."

तिनं पेनाचं टोपण लावलं. "सभा किती वाजता आहे?"

"कसली सभा?"

"तुमच्या कंबरेची!"

तुम्हाला सांगतो, अशी सभा सागर विहारमध्ये पुन्हा झाली नाही. कुसुमावती उभी राहिली, हिंदीत बोलली, शाळेतल्या हिंदीत, आणि पहिलं वाक्य काय? "पीछे वाले बातें बंद करें।" मागे चड्ढासाहेब होते! गप्प! मग तिनं विचारलं, कुत्रा धावताना पाहिलाय? पाठ कशी हलते? वर-खाली. आणि सरडा? डावी-उजवीकडे. मासा सरड्यासारखा, शेपूट उभी. सस्तन प्राणी कुत्र्यासारखा, म्हणून पाण्यात गेला तरी शेपूट आडवी. "तो, मछली को घुमाइए. नब्बे डिग्री. करवट पर." आता बघा, मासा कुशीवर फिरवला की काय होतं? कापलेली बाजू उभीची आडवी होते, आणि बाईच्या आडव्या कंबरेला जाऊन बरोब्बर बसते! दोन महिने आम्ही बाईला फिरवत होतो, माशाला फिरवायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! रामअवतार मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, "माताजी, ये पहले क्यों नहीं बताया?" कुसुमावतीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. माशाच्या पाठीचा पर आता तिच्या एका कुशीला आला होता, तो तिनं छिन्नीनं काढायला लावला, खवले घासून गुळगुळीत करायला लावले, आणि सांध्यावर रामअवतारनं आपल्या मनानं सिमेंटचा एक कंबरपट्टा घातला, त्याला ती काही बोलली नाही. मिसेस चड्ढा तेवढ्या म्हणाल्या, "थोड़ी मोटी नहीं लग रही?" "लगनी चाहिए," कुसुमावती म्हणाली.

सव्वीस तारखेला झेंडा फडकला, पाणी उडालं, मिसेस चड्ढांनी नारळ फोडला, आणि आमची जलपरी धुक्यातून आशीर्वाद देत वर आली, आडव्या शेपटीची, भरल्या अंगाची, मला तर शपथेवर सांगतो, एक डोळा किंचित मिटलेला वाटला. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. माझं लक्ष संध्याकाळकडे होतं.

कारण संध्याकाळी माझ्याकडे प्रश्न नव्हता! एकही नाही! विषय निकाली, फाइल बंद. शेंगा घेऊन बसलो. ती बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली, म्हणजे जलपरीसुद्धा एकदा वर आली असती. मी मनात म्हणतोय, घोड्याच्या दातांचं विचारू? पालीच्या पायांचं? काहीही, पण आता ती "झालंय" म्हणायच्या आत...

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?"

"एक विचारू? चौतीस वर्षं झाली लग्नाला. रोज सकाळी नवाला निघत होतात, संध्याकाळी सहाला येत होतात. तिथे दिवसभर तुम्ही नेमकं करत काय होतात?"

मला वाटलं थट्टा. वळून पाहिलं. थट्टा नव्हती हो! चष्मा नाकावर नीट केलेला, मान थोडी तिरकी, पहिल्या बाकावरच्या मुलीकडून उत्तर यायची वाट पाहतात तशी वाट पाहत होती. दोन्ही डोळे उघडे.

मंडळी, जलपरीला फुप्फुसं सापडली, चरबी सापडली, सांध्यावरच्या कंबरपट्ट्यासकट कंबर सापडली. इथे मी आतबाहेर शोधलं, काही हाताला लागेना. पंधरा दिवसांची मुदत मागितली. दिली तिनं. संपली. आणखी पंधरा मागितले. ती रोज संध्याकाळी विचारते, बोलते, आठवण करून देते, शेंगा आता तीच भाजते, तक्रार कसली करणार...

तुमच्यात कोणी मंत्रालयातून निवृत्त झालेलं बसलंय का हो? नाही, विशेष काही नाही. एक खाजगी चौकशी करायची होती.